जुन्या सीडी-डीव्हीडींचे प्लास्टिक : वर्गवारी, साठवण आणि पुनर्वापर

एका सीडीचे वजन साधारण १५ ते १६ ग्रॅम भरते आणि ते जवळजवळ सगळे पॉलिकार्बोनेट या एकाच प्लास्टिकचे असते. हे प्लास्टिक काचेसारखे पारदर्शक, आघाताला दणकट आणि उकळत्या पाण्यातही आकार न सोडणारे आहे. हेल्मेटच्या काचा, सुरक्षा चष्मे, दिव्यांची आवरणे आणि विजेच्या उपकरणांचे सांगाडे त्यापासून बनतात. खनिज तेलातून बेंझिन, बेंझिनमधून फेनॉल, फेनॉल आणि ॲसिटोन यांच्यापासून बिस्फेनॉल-ए आणि त्यापासून पॉलिकार्बोनेट, अशी त्याच्या निर्मितीची लांब साखळी आहे. भारताची या प्लास्टिकची गरज मुख्यतः आयातीवर भागत आली आहे. त्यामुळे कचऱ्यात गेलेली सीडी म्हणजे वाया गेलेला चांगल्या प्रतीचा कच्चा माल होय. मात्र तो पुन्हा वापरात यायचा असेल तर त्याला तीन अटी लागू होतात. चकत्या स्वच्छ हव्यात, दुसऱ्या प्लास्टिकपासून वेगळ्या हव्यात आणि पुरेशा संख्येने एका ठिकाणी जमलेल्या हव्यात. यांपैकी पहिल्या दोन अटी घरी आणि दुकानात पूर्ण होऊ शकतात, तिसरीसाठी वस्तीने एकत्र यावे लागते.

राजापेठेतील साठा कोठे आहे

सीडी १९८२ साली बाजारात आली आणि डीव्हीडी १९९६ मध्ये. भारतात त्या खऱ्या अर्थाने घरोघर पोचल्या त्या २००० नंतरच्या दशकात. नोएडा परिसरात कारखाने असलेली मोझर बेअर ही कंपनी त्या काळी जगातील मोठ्या चकती-उत्पादकांत गणली जात असे. पुढे पेन ड्राइव्ह, मोबाइल आणि इंटरनेटने चकतीची गरज संपवली आणि २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात निघाली. उत्पादन ओसरले, तरी विकला गेलेला माल कपाटांत, माळ्यांवर आणि कार्यालयांच्या फडताळांत पडूनच राहिला.

अमरावतीच्या राजापेठेसारख्या, घरे आणि दुकाने एकमेकांना लागून असलेल्या भागात हा साठा ठरावीक ठिकाणी सापडतो. फोटो स्टुडिओंत लग्नांच्या चित्रीकरणाच्या डीव्हीडी असतात. रुग्णालये व तपासणी केंद्रांत सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या सीडी असतात. संगणक प्रशिक्षण वर्ग, सायबर कॅफे आणि बंद पडलेल्या सीडी लायब्रऱ्यांत सॉफ्टवेअर व सिनेमांचे गठ्ठे असतात. घरांत भजन-कीर्तनाच्या, बालगीतांच्या आणि सिनेमांच्या चकत्या असतात. दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही घंटागाडीत पडतात आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळून सुकळीच्या कंपोस्ट डेपोकडे जातात. एकदा मातीने आणि ओल्या कचऱ्याने माखलेली चकती वेचून धुण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून तिला वेगळे काढायचे ते घंटागाडीत पडण्यापूर्वीच.

चकतीची रचना

चकती १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या चकत्या आतून एकसारख्या नसतात आणि पुनर्वापराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

कारखान्यात छापलेल्या सीडीत पॉलिकार्बोनेटच्या जाड थरावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. त्यावर संरक्षक लॅकर आणि सगळ्यात वर छपाईची शाई असते. मुलाम्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी असते, त्यामुळे एका सीडीत ॲल्युमिनियम भरते जेमतेम दोन मिलिग्रॅम.

घरी किंवा दुकानात भरता येणाऱ्या सीडी-आरमध्ये याशिवाय सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि मुलामा बहुधा चांदीचा असतो. पुन्हा पुन्हा पुसता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू वापरतात. ‘सीडीतून चांदी काढता येते’ ही समजूत यातूनच आली. हजार सीडी-आर गोळा केल्या तरी चांदी भरेल ती काही ग्रॅमच, आणि ती काढायची तर घातक आम्ले वापरावी लागतात. घरच्या घरी हा उद्योग कोणीही करू नये.

डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनवतात. तिचा धातूचा थर वर नसून मध्ये, डिंकाच्या थराला लागून असतो. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर खालच्या पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो आणि त्यावर ओरखडा न पडणारे कठीण आवरण असते. म्हणून साधी सीडी स्वच्छ करणे सर्वांत सोपे, डीव्हीडी त्याहून अवघड. या दोहोंचे ढीग वेगळे ठेवले तर पुढच्या कारखान्याचे काम हलके होते.

देण्यापूर्वी : माहिती उतरवणे आणि नष्ट करणे

सगळ्यात आधी घरी किंवा दुकानात भरलेल्या चकत्या तपासाव्यात. सिनेमा किंवा गाण्यांची छापील चकती गेली तर तिची दुसरी प्रत कोठेतरी मिळते. लग्नाच्या चित्रीकरणाची मात्र बहुधा तेवढीच प्रत असते. सीडी-आरमधला सेंद्रिय रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने फिका पडत जातो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या चकत्या लवकर खराब होतात. त्यामुळे हे काम लांबवू नये.

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह चार-पाच घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो. चकती पुसताना मऊ सुती कापड मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे. गोल फिरवल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि सलग मोठा भाग वाचता येत नाही. फाइली उतरवल्यावर त्या उघडून पाहाव्यात आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

नंतर खासगी माहिती असलेल्या चकत्या निकामी कराव्यात. बँकेची कागदपत्रे, रुग्णांचे अहवाल, हिशेबाच्या फाइली आणि ग्राहकांचे फोटो या वर्गात येतात. सीडीचा धातूचा थर छापील बाजूला, शाईच्या लगेच खाली असतो. खिळ्याने किंवा कागद कापायच्या पात्याने या बाजूवर छिद्रापासून कडेपर्यंत आठ-दहा खोल रेघा ओढल्या की सीडी वाचता येत नाही. डीव्हीडीवर हा उपाय चालत नाही, कारण तिचा थर मध्ये दडलेला असतो. ती जाड कापडी पिशवीत घालून मजबूत कात्रीने दोन किंवा चार तुकड्यांत कापावी. पॉलिकार्बोनेट तडकताना अणकुचीदार कपच्या उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे असावेत. चुरा मात्र करू नये. बारीक तुकडे वेचताना गळतात आणि त्यांची ओळख पटणेही कठीण होते.

रुग्णालयांनी आणि कार्यालयांनी आपल्या नोंदी किती काळ जपायच्या हे पाहूनच चकत्या काढाव्यात. आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. मोठ्या साठ्यासाठी पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडून वजनाची पावती आणि चकत्या नष्ट केल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

वर्गवारी : पाच ढीग

चकतीबरोबर येणाऱ्या डब्या, पाकिटे आणि कागद यांचे प्लास्टिक वेगळे असते. ते पॉलिकार्बोनेटमध्ये मिसळले की अख्ख्या घाण्याचा दर्जा घसरतो, कारण पॉलिस्टायरिन, पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिकार्बोनेट वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि एकजीव होत नाहीत. म्हणून पुढीलप्रमाणे पाच ढीग करावेत.

१. साध्या सीडी, सीडी-आर आणि सीडी-आरडब्ल्यू.

२. डीव्हीडी आणि ब्लू-रे.

३. कडक, पारदर्शक, सहज तडकणाऱ्या डब्या. या पॉलिस्टायरिनच्या असतात आणि त्यांवर बहुधा त्रिकोणात ६ हा आकडा असतो. आतली काळी किंवा पांढरी खाचही बहुधा याच प्लास्टिकची असते.

४. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या, वाकवल्या तरी न मोडणाऱ्या डीव्हीडीच्या डब्या. या पॉलिप्रॉपिलिनच्या असतात, आकडा ५. त्यांवरचे पातळ पारदर्शक वेष्टण काढून वेगळे ठेवावे.

५. कागदी पाकिटे, पुस्तिका आणि मुखपृष्ठे. ही कोरडी असतील तर रद्दीत जातात. ज्या पाकिटाला प्लास्टिकची खिडकी असते तिथली खिडकी फाडून टाकावी.

पॉलिकार्बोनेट ७ या आकड्याच्या ‘इतर’ गटात येते, पण चकतीवर हा आकडा सहसा छापलेला नसतो. एखाद्या तुकड्याबद्दल शंका असेल तर घरी सोपी चाचणी करता येते. एक लिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. पॉलिस्टायरिनची घनता १.०५ आणि पॉलिप्रॉपिलिनची ०.९ असल्याने दोन्ही तरंगतात, तर १.२ घनतेचे पॉलिकार्बोनेट तळाला जाते. साध्या पाण्यात फक्त पॉलिप्रॉपिलिन तरंगते. भंगाराच्या धंद्यात तुकडा पेटवून धुराच्या वासावरून प्लास्टिक ओळखण्याची पद्धत आहे. तो धूर आरोग्याला घातक असल्याने ती टाळावी.

चकतीवर कागदी लेबल चिकटवलेले असल्यास ती कोमट पाण्यात भिजवून लेबल सोलून काढावे. शाईची छपाई खरवडत बसण्याची गरज नाही, ते काम कारखान्यात होते. मोती, आरसे किंवा डिंकाचे जाड थर लावलेल्या शोभेच्या चकत्या मात्र पुनर्वापराच्या ढिगात टाकू नयेत.

साठवण आणि सामूहिक संकलन

एक किलोत सुमारे ६५ चकत्या बसतात. हजार चकत्यांचे वजन १५-१६ किलो आणि एका क्विंटलसाठी साडेसहा हजारांच्या आसपास चकत्या लागतात. एका घरातून निघणाऱ्या पन्नास-साठ चकत्या वेगळ्या ठेवणे भंगारवाल्याला परवडत नाही. तो त्या मिश्र प्लास्टिकच्या पोत्यात टाकतो आणि तिथे पॉलिकार्बोनेट हातचे जाते. हेच प्लास्टिक ‘पीसी’ म्हणून वेगळे, स्वच्छ आणि दोन-चार पोत्यांच्या मापाने समोर आले की त्याला वेगळा भाव मिळतो.

यासाठी अपार्टमेंट, शाळा-महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजना पथक, महिला बचतगट किंवा गणेश मंडळ यांपैकी कोणीही संकलन केंद्र चालवू शकते. लागते ते फार थोडे. पाच खोकी, प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव, एक वजनकाटा आणि पावसाचे पाणी न लागणारी सावलीतली जागा एवढ्यावर भागते. दिवाळीपूर्वीची आणि गुढीपाडव्यापूर्वीची साफसफाई या दोन वेळा संकलनासाठी सोयीच्या आहेत. फोटो स्टुडिओ आणि तपासणी केंद्रांना आधी भेटावे, कारण तिथल्या एका कपाटात पन्नास घरांइतका माल असतो. चकत्या दांडा असलेल्या गोल डब्यांत किंवा सुतळीत ओवून ठेवल्या तर जागा कमी लागते आणि मोजणी सोपी होते.

कोणाला द्यावे

चकतीत विजेचा एकही भाग नसतो. तिचे बहुतेक वजन प्लास्टिकचेच असल्याने ती प्लास्टिक पुनर्वापराच्या साखळीत जाऊ शकते. सीडी प्लेअर, डीव्हीडी प्लेअर आणि संगणकाचे ड्राइव्ह यांची गोष्ट वेगळी. ती विद्युत उपकरणे असल्याने १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच गेली पाहिजेत. संगणकांबरोबर चकत्यांचा साठाही निघत असेल तर त्याच संस्थेला दोन्ही घेण्याबद्दल विचारावे.

नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्यांची आणि प्लास्टिक प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांची नावे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळतात. स्थानिक चौकशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावतीतील प्रादेशिक कार्यालयात किंवा महापालिकेच्या राजापेठ झोन कार्यालयात करता येते. अमरावतीत सातुर्णा आणि नांदगाव पेठ येथे, तसेच अकोल्यातही औद्योगिक वसाहती आहेत. तिथे प्लास्टिकचे मोल्डिंग करणारा उद्योग पॉलिकार्बोनेट वापरतो का, हेही विचारून पाहावे. जवळ ग्राहक मिळाला की वाहतुकीचा खर्च आणि इंधन दोन्ही वाचतात. तो न मिळाल्यास माल मोठ्या शहरातील दाणा बनवणाऱ्या कारखान्यांकडे जातो. मुंबईत धारावीचे तेरा कंपाउंड प्लास्टिकच्या वर्गवारी व पुनर्वापरासाठी प्रसिद्ध आहे.

माल देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पीसीचा घाणा वेगळा घेतला जातो का? रंग व मुलामा काढण्यासाठी वापरलेले पाणी शुद्ध करूनच सोडले जाते का? न वापरता येणाऱ्या भागाचे काय होते? या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या व्यवसायाला माल देऊ नये, भाव दोन रुपये जास्त असला तरी.

कारखान्यात काय होते

कारखान्यात पहिले काम असते मुलामा, लॅकर आणि शाई काढण्याचे. त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. यांत्रिक रीतीत फिरत्या ब्रशने किंवा घासणाऱ्या चाकाने वरचा थर खरवडतात. यात रसायने लागत नाहीत, पण थोडे पॉलिकार्बोनेटही घासले जाते आणि भुकटी गोळा करावी लागते. रासायनिक रीतीत चकत्यांचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ढवळतात. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळते आणि लॅकर सुटते. मात्र द्रावण जास्त तीव्र झाले किंवा तुकडे जास्त वेळ राहिले तर खुद्द पॉलिकार्बोनेटच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात. डीव्हीडीला आधी भरडावे लागते, म्हणजे मधल्या डिंकापर्यंत द्रावण पोचते.

यानंतर तुकडे स्वच्छ पाण्याने अनेकदा धुतात. सोड्याचा अंश मागे राहिला तर पुढे वितळवताना प्लास्टिक खराब होते. धुण्याचे पाणी अल्कधर्मी असते आणि त्यात शाई व धातूचे अंश असतात. ते उदासीन करून, गाळून पुन्हा वापरले तरच ही प्रक्रिया पर्यावरणपूरक ठरते. तेच पाणी नाल्यात सोडले तर एक कचरा कमी करताना दुसरा वाढतो.

पुढची पायरी वाळवण्याची. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषून घेते आणि ओलसर स्थितीत वितळवले की पाणीच त्याच्या साखळ्या तोडते. अशा दाण्यापासून बनलेली वस्तू ठिसूळ होते आणि तिच्यावर चंदेरी रेघा उमटतात. म्हणून ते सुमारे १२० अंश सेल्सियसला तीन-चार तास वाळवून ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली आणतात. पावसाळ्यात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. मग २८० ते ३०० अंशांच्या आसपास वितळवून, बारीक जाळीतून गाळून त्याच्या तारा काढतात आणि त्यांचा दाणा कापतात.

दाण्याचा उपयोग आणि मर्यादा

सीडीसाठी वापरलेले पॉलिकार्बोनेट मुद्दाम पातळ वाहणारे असते, म्हणजे सूक्ष्म खड्ड्यांचा ठसा त्यात नेमका उमटतो. त्यामुळे ते हेल्मेट किंवा पाण्याच्या बाटलीच्या प्रतीइतके चिवट नसते. शिवाय जुन्या चकत्यांत अनेक उत्पादकांचा माल मिसळलेला असतो. या कारणांनी त्याचा दाणा बहुधा एबीएस या प्लास्टिकबरोबर किंवा नव्या पॉलिकार्बोनेटबरोबर मिसळून वापरतात. संगणक व टीव्हीचे सांगाडे, वीजजोडणीच्या पेट्या, दिव्यांचे भाग आणि गाड्यांच्या आतले भाग हे त्याचे योग्य उपयोग आहेत. सोनी कंपनीने ‘सॉरप्लास’ नावाचे प्लास्टिक टाकाऊ ऑप्टिकल डिस्कसारख्या मालातून तयार केले असून त्यात पुनर्वापराचा माल ९९ टक्क्यांपर्यंत असू शकतो. २०११ पासून ते टीव्हीच्या भागांत वापरले जात आहे. रंगीत छपाईचा अंश राहिलेल्या मालाचा दाणा काळ्या रंगात जातो आणि त्याला भाव कमी मिळतो. अन्नाची भांडी, बाटल्या आणि लहान मुलांची खेळणी यांसाठी अशा मिश्र मालाचा दाणा वापरू नये.

घरातील वापर : काय योग्य, काय नाही

शाळेच्या प्रयोगशाळेत काही चकत्या राखून ठेवणे उत्तम. सीडीवरील सलग रेषांमध्ये १.६ मायक्रॉनचे आणि डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉनचे अंतर असते, त्यामुळे त्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात. खोक्याला फट पाडून आत सीडीचा तुकडा तिरका बसवला की साधा वर्णपटदर्शक तयार होतो आणि एलईडी, ट्यूबलाइट व बल्ब यांच्या प्रकाशातला फरक दिसतो. सूर्याकडे मात्र त्यातून पाहू नये.

शेतात पाखरे हाकलण्यासाठी चकत्या दोरीला टांगतात. काही दिवसांत पक्ष्यांना चकाकीची सवय होते. शिवाय ऊन-पावसाने मुलामा सुटून मातीत पडतो आणि पुढे प्लास्टिकही पिवळे पडून तडकते. टांगायच्याच असतील तर पिकाच्या हंगामापुरत्या टांगून नंतर मोजून परत काढाव्यात. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर म्हणून सीडी लावणे धोक्याचे आहे. रिफ्लेक्टर प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो, तर सीडी आरशाप्रमाणे तो भलतीकडे फेकते आणि मागच्या चालकाला ती दिसेलच असे नाही.

चकत्या जाळणे, मायक्रोवेव्हमध्ये घालणे किंवा घरी वितळवणे पूर्णपणे टाळावे. जळताना पॉलिकार्बोनेटमधून कार्बन मोनॉक्साइड व फेनॉलसारखे वायू बाहेर पडतात आणि पॉलिस्टायरिनच्या डब्यांतून दाट काजळी निघते. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली असून त्यासाठी ५,००० रुपयांची, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांची भरपाई ठरवली आहे. २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली. हे स्थान टिकवायचे तर गल्लीतल्या शेकोटीत प्लास्टिक जाता कामा नये.

ज्यांच्याकडे आज चकत्या पडून आहेत त्यांनी हव्या त्या फाइली उतरवून घ्याव्यात, डब्या आणि कागद वेगळे करावेत आणि चकत्या आपापल्या अपार्टमेंटच्या किंवा मंडळाच्या खोक्यात आणून टाकाव्यात. पीसीचे पहिले पोते भरले की घेणारा शोधणे सोपे जाते, आणि ते पोते भरण्यासाठी एकाच गल्लीतली तीस-चाळीस घरे आणि एखादा फोटो स्टुडिओ पुरेसा आहे.